आमची वाटचाल : रंकाळ्यावरची भेळ

आबांनी १९८९ ला कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर भेळेची गाडी लावली, तेव्हा त्यांच्याकडं एक पत्र्याचा डबा, दोन पातेली आणि उधारीवर आणलेलं चिरमुऱ्याचं पोतं एवढंच होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, म्हणजे १९८७ ला, समोरच्या शालिनी पॅलेसचं हॉटेल झालेलं. राजवाड्यात उतरलेली माणसं आपल्याकडं कशाला येतील असं आईला वाटायचं, पण आली की! संध्याकाळी फिरत फिरत यायची आणि कट्ट्यावर बसून कागदाच्या पुडीतनं पुठ्ठ्याच्या तुकड्यानं भेळ खायची.

तसं बघितलं तर खरं गिऱ्हाईक अंबाबाईचं. सकाळी दर्शन, दुपारी पन्हाळा नाहीतर जोतिबा आणि सूर्य बुडायला रंकाळा, हे बाहेरच्या माणसाचं टाईमटेबल तेव्हापासनं आजपर्यंत तेच आहे, नवरात्रात तर आम्हाला पाणी प्यायला पण वेळ नसतो. आबा भेळ कालवता कालवता रंकाळ्याजवळच्या देवळातल्या नंदीची गोष्ट सांगायचे, नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, रंकाळ्याला पोचला की जगबुडी. पोरं लगेच विचारायची, आता किती राहिलंय?

काठावर धंद्याचा मोठा वैरी म्हणजे दमट वारं. चिरमुरे दहा मिनिटं उघडे राहिले की सादळले, म्हणून ऑर्डर आल्याशिवाय भेळ कालवायची नाही हा आबांचा नियम. मी एकदा गर्दी बघून आधीच परातभर कालवून ठेवली आणि अर्धी टाकून द्यावी लागली, वर शिव्या लै खाल्ल्या.

मग पाणी हिरवं पडायला लागलं. सांडपाणी, जलपर्णी, वर तो हिरवा तवंग, वास असा की माणसं नाकाला रुमाल लावून पुढं जायची, भेळ कोण खाणार? तलावाकडं तोंड करून बसणारं गिऱ्हाईक रस्त्याकडं तोंड करून उभं राहायला लागलं. तेव्हाच आम्ही गाडी सोडून आतल्या गल्लीत गाळा घेतला, कर्ज काढून. पुढं २०१९ च्या महापुरात हायवेच बंद पडला, शहरात बाहेरची एक गाडी येईना, आणि वर्षभरात लॉकडाऊन. त्यात घर चाललं ते बायकोनं सुरू केलेल्या भडंगाच्या पाकिटांवर.

आता पुण्या-मुंबईचे लोक जाताना भेळेचं किटच मागतात, चटणी वेगळी, फरसाण वेगळं, चिरमुरे वेगळे. कुरिअरनं पण पाठवतो, फक्त जुलै-ऑगस्टात नाही, चिरमुरे सादळतात.