काल कुठंच गेले नाही

पहिल्या घरातलं पहिलं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. धायरीतली चार मजली इमारत, लिफ्ट बंद, दारात रांगोळी. मी फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, "काल आपण किती ट्रिप केल्या?" काकू गोंधळल्या. "ट्रिप? मेमध्ये गेलो होतो की महाबळेश्वरला." मी शब्द बदलला. "म्हणजे काल प्रवास किती वेळा केलात?" "छे गं, प्रवास कुठला? काल मी घरीच होते, कुठंच गेले नाही." दाराशी कापडी पिशवी टेकवलेली होती आणि तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती.

मी मूळची कराडची. सिव्हिल करून पुण्यात एम.टेक.ला परिवहन नियोजन घेतलं. डिझर्टेशनचा विषय ठरला तो असा: सिंहगड रोडच्या पट्ट्यातले लोक रोजच्या जाण्यायेण्याला बस, दुचाकी, रिक्षा यांतलं काय निवडतात आणि का निवडतात. सिनॉप्सिस लिहिताना वाटलं होतं, तयार आकडे कुठूनतरी मिळतील आणि आपण फक्त मॉडेल चालवायचं. 2011च्या जनगणनेत कामाचं ठिकाण घरापासून किती लांब आणि तिथं कशानं जाता हे विचारलं गेलं होतं. पण ते कामावर जाणाऱ्यांपुरतं, त्यातही शेती आणि घरगुती उद्योगातले लोक वगळून. दळण टाकायला जाणारी, मुलाला शाळेत सोडणारी, सासऱ्यांना दवाखान्यात नेणारी बाई त्या तक्त्यात कुठंच नाही. गाइड मॅडम म्हणाल्या, "मग विचार घरोघर जाऊन." एवढ्या सहज म्हणाल्या, जणू शेजारून साखर आणायची होती.

फॉर्म मी जुन्या अभ्यासांवरून बेतला. आमच्या शास्त्रात ट्रिपची व्याख्या पक्की असते: एका ठिकाणाहून निघून एका कारणासाठी दुसऱ्या ठिकाणी पोचलात की एक ट्रिप. परत येणं ही वेगळी ट्रिप. माणूस नेहमीच्या दिवशी कसा वागतो ते हवं असतं, म्हणून विचारायचं मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारबद्दल. म्हणजे घरी जायचं दुसऱ्या दिवशी. सगळे निवांत सापडतात तो रविवार बाद, कारण रविवारचं 'काल' म्हणजे शनिवार. इकडे गुरुवारची अडचण वेगळीच. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. दोन घरं वाया गेल्यावर कळलं.

2024च्या जानेवारीत पायलट, म्हणजे मुख्य सर्वेक्षणाआधीची छोटी चाचणी, सुरू केलं. दुपारी गेलं तर दार उघडत नाहीत आणि ते बरोबरच आहे, मीही उघडलं नसतं. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात दार उघडतं, पण बाई स्वयंपाकघरात आणि सोफ्यावर घरातले पुरुष. मग उत्तरं तेच देणार, सगळ्यांची. "मिसेसचं काय, ती घरीच असते. लिहा शून्य." आतून कुकरच्या शिट्टीबरोबर आवाज यायचा, "अहो, मी बँकेत गेले होते ना काल!" "हां, मग एक लिहा."

संमतिपत्रावर सही मागितली की चेहरे बदलायचे. सही कशाला? विमा आहे का? मतदार यादीचं आहे का? एका आजोबांनी सगळी उत्तरं दिली, चहा पाजला आणि सहीच्या जागी आल्यावर फॉर्मच ठेवून घेतला, मुलाला दाखवून मग देतो म्हणाले. तो फॉर्म अजून त्यांच्याकडेच असणार. पगाराचा प्रश्न मी आधी मध्ये ठेवला होता, तो शेवटच्या पानावर हलवला, आणि आकडा न विचारता अ, ब, क, ड असे गट असलेलं कार्ड दाखवायला लागले. तरी बहुतेक जण 'ब' म्हणायचे. बंगलेवालेसुद्धा.

गाडी मार्गावर आली ती एका हळदी-कुंकवामुळे. संक्रांत नुकतीच झाली होती. वडगाव बुद्रुकमध्ये एका वहिनींनी फॉर्म अर्ध्यात थांबवला. म्हणाल्या, "आत्ता वेळ नाही, परवा आमच्याकडे हळदी-कुंकू आहे, तेव्हा ये. सगळ्या एकदम भेटतील." मी गेले. तिळगूळ, वाणात प्लॅस्टिकची चाळणी आणि हॉलमध्ये सतरंजीवर बारा-पंधरा बायका. मी विचारलं, "काल कुठं गेला होता?" एकजण म्हणाली, कुठंच नाही. शेजारची लगेच म्हणाली, "अगं, सकाळी चिरंजीवांना बसपाशी सोडताना मला दिसलीस की!" "ते होय? ते काय जाणं आहे?" "आणि दळण?" "दळण टाकून आले येता येता." "आणि संध्याकाळी क्लासला कोण सोडतं गं त्याला, मी?" हशा झाला. तिच्या 'कुठंच नाही'चे मोजून सात तुकडे निघाले.

त्या सतरंजीवर बसून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मराठीत बाई जवळपास कधीच 'जात' नाही. ती 'जाऊन येते', 'टाकून येते', 'सोडून येते', 'बघून येते'. जाणं आणि येणं एकाच क्रियापदात, आणि मधे काहीतरी उरकलेलं. आमच्या व्याख्येप्रमाणे 'दळण टाकून आले' यात कमीत कमी दोन ट्रिप आहेत. 'प्रवास' हा शब्द परगावी जाण्यासाठी राखीव, 'ट्रिप' म्हणजे सहल. मी परकी भाषा घेऊन लोकांच्या दारात उभी होते.

रात्री खोलीवर येऊन फॉर्म पुन्हा लिहिला. पहिला प्रश्न असा केला: "काल सकाळी उठल्यापासून सांगा. पहिल्यांदा पायात चप्पल कधी घातली?" ऐकायला गमतीशीर वाटतो, पण चालला. चपलेपाशी सुरुवात केली की पुढचा दिवस आपोआप उलगडतो. कारणांचे रकाने आधी नोकरी, शिक्षण, खरेदी आणि इतर एवढेच होते. अर्ध्या बायकांचा अख्खा दिवस 'इतर'मध्ये चालला होता. त्यात 'कोणाला तरी पोचवणे-आणणे' हा रकाना घातला. मॅडमनी तेव्हा इनेस सांचेस दे मादारियागा या स्पॅनिश नियोजनकर्त्या बाईंचं काम वाचायला दिलं. मुलं, म्हातारी माणसं, घर यांच्यासाठी होणारी ही सगळी ये-जा एकत्र मोजा, मग ती नोकरीच्या प्रवासाच्या तोडीची दिसते, असं त्या मांडतात. वाचताना मला सारखी ती चाळणी आठवत होती.

हळदी-कुंकवातली उत्तरं मात्र मॅडमनी नमुन्यात घेऊ दिली नाहीत. एकमेकींच्या मैत्रिणी, एकाच गल्लीतल्या, एकीचं ऐकून दुसरी बोलणार. हा रँडम सॅम्पल नव्हे. बरोबर होतं. मला वाईट वाटलं, कारण सगळ्यांत खरी उत्तरं तीच होती.

शाळांच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत मुख्य सर्वेक्षण उरकायचं होतं, परीक्षेच्या दिवसांत घराचं वेळापत्रकच फिरतं. एक ज्युनिअर मुलगा सोबत घेतला. तो हॉलमध्ये काकांशी बोलायचा, मी स्वयंपाकघराच्या दारात. त्या दिवसांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. पाय दुखले, वॉचमनशी ओळखी झाल्या, आणि "मेट्रो इकडे कधी येणार?" या प्रश्नाला मी जबाबदार नाही हे रोज सांगावं लागलं.

मग एक्सेल, आणि नंतर बायोजीम. हे लोझानच्या एका विद्यापीठातले प्राध्यापक मिशेल बियरलेअर यांनी तयार केलेलं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. आमच्या मॉडेलमागचं तत्त्व साधं आहे: माणसासमोर काही पर्याय असतात, प्रत्येकाला वेळ आणि पैसा लागतो, आणि त्याला जे एकंदरीत बरं पडतं ते तो घेतो. वर्गात याची एक गोष्ट हमखास सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 1970च्या दशकात बार्ट ही रेल्वे सुरू होत होती. अधिकृत अंदाज होता की 15 टक्के लोक ती वापरतील. डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या निवडींवरून मॉडेल बांधून 6.3 टक्के सांगितले, आणि प्रत्यक्षात निघाले 6.2. मॅकफॅडनना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ही गोष्ट ऐकूनच मी हा विषय घेतला होता, खोटं कशाला बोलू.

माझं मॉडेल चाललं आणि वेळेचा गुणांक, म्हणजे वेळेमुळे पर्याय किती हवासा-नकोसा होतो ते सांगणारा आकडा, धन आला. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: तो ऋण यायला हवा. वेळ वाढला की तो पर्याय नकोसा होतो, इतकी साधी गोष्ट. माझ्या आकड्यांप्रमाणे सिंहगड रोडच्या लोकांना जितका जास्त वेळ रस्त्यात घालवता येईल तितका हवा होता. उड्डाणपुलाचं काम चालू असताना!

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. आधी लोकांनी सांगितलेल्या वेळांवर संशय घेतला. सगळ्यांची उत्तरं पंधरा मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास. बावीस मिनिटं कोणीच सांगत नाही. दुचाकीवाल्याला विचारलं की बसनं किती वेळ लागेल, तर तो हमखास वाढवून सांगतो, कारण बसमध्ये तो बसलेलाच नसतो. म्हणून मी आणि रूममेट वही घेऊन स्वतः बसनं फिरलो: धायरी फाटा, राजाराम पूल, दांडेकर पूल, स्वारगेट. थांब्यावरची वाट वेगळी लिहिली, आतला वेळ वेगळा. नवे वेळ घातले. गुणांक लहान झाला, पण चिन्ह तेच.

चूक सापडली ती रात्री, एकेक ओळ वाचताना. एक बाई, वय 34, स्वारगेटजवळ नोकरी, जाते बसनं. चालणं आणि वाट धरून जवळजवळ सव्वा तास. त्याच ओळीत तिला 'दुचाकी उपलब्ध: 1'. दुचाकीनं निम्म्याहून कमी वेळ लागला असता. मॉडेलला दिसत होतं ते असं की हिच्या दारात स्कूटर उभी आहे आणि ही हौसेनं बसनं जाते. खाली तशीच दुसरी, तशीच तिसरी. तो एक मी कुठून आणला होता? "घरात दुचाकी आहे का?" या प्रश्नावरून. उत्तर 'हो' आलं की घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एक. पण ती गाडी सकाळी साडेआठला नवरा घेऊन जायचा. घरात गाडी होती, तिला नव्हती.

फॉर्म बदलला तेव्हा चपलेपर्यंत पोचले होते, गाडीच्या किल्लीपर्यंत पोचले नव्हते. आणि मी ज्या घरात वाढले तिथं बाबांची एम-80 होती, जी आईनं एकदाही चालवली नाही. मला हे कुठल्या मॉडेलनं सांगायची गरज नव्हती.

ज्यांनी फोन नंबर दिले होते त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. दोन प्रश्न: त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा गाडी घरात होती का, आणि तुम्हाला चालवता येते का? काहींनी उचलले नाहीत, काहींनी झापलं. एक वहिनी थोडं थांबून म्हणाल्या, "येते चालवायला. पण देत नाहीत." यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता. मी शून्य लिहिलं आणि शेरा लिहिला. ज्यांच्याशी पुन्हा बोलणं झालं नाही त्या ओळी काढून टाकल्या. नमुना छोटा झाला, मॅडम हळहळल्या. उपलब्धतेचा रकाना नव्यानं भरून मॉडेल चालवलं. चिन्ह ऋण आलं. मी लॅपटॉप बंद करून आधी चहा केला, मग पुन्हा उघडून पाहिलं, ते खरंच ऋण होतं.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी वाट पाहण्याचा वेळ वेगळा का धरला एवढंच खोदून विचारलं. मी सांगितलं, थांब्यावरचं एक मिनिट बसमधल्या मिनिटापेक्षा जड असतं, आणि माझ्या आकड्यांतही तसंच निघालं होतं. गाडीच्या रकान्याबद्दल कोणी काहीच विचारलं नाही. त्या प्रकरणाला तीन आठवडे लागले होते, आणि प्रबंधात त्याला एक परिच्छेद मिळाला आहे.

आता दरवर्षी एखादा ज्युनिअर फॉर्म मागतो आणि मी पाठवते. यंदा नाशिकला काम करणाऱ्या एका मुलीनं पायलट केलं आणि रात्री अकराला मेसेज टाकला: "ताई, स्कूटर इलेक्ट्रिक आहे. घरातच होती, घरातल्या बाईला चालवताही येते, पण रात्री मुलानं फोन चार्जिंगला लावायला प्लग काढला म्हणून सकाळी ती रिक्षानं गेली. गाडी उपलब्ध एक लिहू की शून्य?"

मी तिला सकाळी सांगते म्हणाले. मग मॅडमना मेसेज टाकला.