जिनिंगच्या आवारात चालवलेली बॅटरीची मोटारसायकल

परभणीत पेट्रोल महाग मिळतं, ही आता बातमी राहिलेली नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर इथवर यायचा आणि त्याचं भाडं लिटरमागे आपल्या खिशातून जायचं. २०२१ मध्ये पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा बातम्यांत परभणीचं नाव सारखं झळकायचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या पोरांना मिरवायला अजून एक कारण मिळालं.

म्हणजे बॅटरीच्या गाड्या इथं हातोहात खपायला हव्या होत्या. तशा खपल्याही. पण वर्ष-दोन वर्षांत त्यातल्या कितीतरी जिन्याखाली जाऊन बसल्या. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतीला थ्री फेज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. त्यात एखादा फेज गेला की मोटार जळते आणि माझ्याकडं येते. जळालेला सबमर्सिबल उतरवून माणूस जाता जाता विचारायचा, "मिस्त्री, बॅटरीच्या गाडीचं काही बघताव का? पोरानं घेतली, आता चालूच होईना." विकणाऱ्यानं दुकान गुंडाळलेलं असायचं, नाहीतर तो सगळ्या बॅटऱ्या नव्या घ्या म्हणायचा. मी आधी नाहीच म्हणत होतो. मग वाटलं, दुसऱ्याच्या गाडीवर हात शिकण्यापेक्षा एक आपलीच करून बघावी.

फ्रेम भंगारातली घेतली, शंभर सीसीच्या मोटारसायकलची. मागच्या चाकात बसणारी हब मोटार, मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर आणि बॅटरीचे सेल मागवले. हब मोटार उघडली तेव्हा मला हसूच आलं. आपण जन्मभर जो स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, तारेनं भरत आलो तोच इथं आत बसलेला, आणि मॅग्नेट लावलेला रोटर बाहेरून फिरतोय. कॉइल ओळखीच्या, वार्निशचा वास ओळखीचा. फरक एवढाच की पंपाच्या मोटारीत दोन फेज बदलले की ती उलटी फिरते आणि विषय संपतो. इथं तीन फेजसोबत तीन हॉल सेन्सरच्या वायरी असतात, जे रोटर कुठं आलाय ते कंट्रोलरला सांगतात. त्यांची अदलाबदल छत्तीस तऱ्हांनी होऊ शकते आणि त्यातल्या मोजक्याच बरोबर असतात. चुकीची जोडी लागली की मोटार गुरगुरते, झटके देते आणि भरमसाट करंट ओढते. रंगाला रंग जुळवून काम होईलच असं नाही, कारण प्रत्येक बनवणाऱ्याचे रंग वेगळे. मी चाक अधांतरी ठेवलं, करंटची मर्यादा अगदी खाली घेतली आणि एकेक जोडी लावून मीटर बघत गेलो. जिथं चाक सरळ दिशेनं, गुळगुळीत फिरतं आणि चाकावर भार नसतानाचा करंट सगळ्यात कमी दिसतो, ती जोडी बरोबर.

वेल्डिंगचं काम शेजारच्या चाचांनी केलं. त्यांनी एक्सल हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ये फोर्क को फाड़ के निकलेगा." खरं होतं ते. साध्या मोटारसायकलमध्ये चाक फिरतं आणि एक्सलवर पिळाचा जोर येत नाही. हब मोटारीत चाक जेवढ्या जोरानं पुढं फिरतं तेवढ्याच जोरानं एक्सल उलटा पिळला जातो. खाच सैल झाली की एक्सल गरकन फिरतो आणि त्याच्या पोटातून आलेल्या सगळ्या वायरी तोडून टाकतो. चाचांनी जाड पट्टीचे टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना कापून बसवले, एक्सलच्या चपट्या बाजूला घट्ट. यूट्यूबवर मोटार आणि बॅटरीचं कौतुक तासभर चालतं. ही पट्टी मात्र कुणी नीट दाखवत नाही.

बॅटरीला सगळ्यात जास्त पैसे लागले आणि सगळ्यात जास्त वेळही. लोह-फॉस्फेटचे, म्हणजे लिथियमच्याच एका प्रकारचे, वीस सेल एकामागं एक जोडले. एकेक ३.२ व्होल्टचा, म्हणजे पॅक ६४ व्होल्टचा, पन्नास अँपिअर-अवरचा. गुणाकार केला की ३.२ युनिट होतात. मालिकेत जोडण्याआधी सगळे सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरून घेतले, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. ही पायरी टाळली की पॅकमधला एखादा सेल कायम मागं राहतो आणि बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, त्याच्यापायी सगळी गाडी बंद करतं. दोन सेलच्या मधे दुकानातलाच लेदरॉइड पेपर घातला, जो आम्ही स्टेटरच्या खाचेत घालतो. भारी नावाचं काही मागवायची गरज पडली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण पुढं लोकांनी त्याच जास्त विचारल्या. कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. बॅटरी थेट जोडली की कनेक्टरवर ठिणगी उडते आणि टोकं करपतात. आधी रेझिस्टरमधून ते हळूच भरून घ्यायचे, मग मुख्य जोडणी. दुसरं, घरच्या एसी करंटचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा ब्रेकर, इथं बॅटरीच्या डीसी करंटला चालत नाही. डीसीची ठिणगी सहजी तुटत नाही, त्यासाठी डीसीचाच ब्रेकर लागतो, शिवाय बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज.

गाडी झाली. आता चालवायची कुठं? घरी बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. अडीचशे वॉटच्या आतली, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली असली तर नोंदणी लागत नाही, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण तीसुद्धा पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेली असावी लागते, हे अर्धं वाक्य विकणारे गिळतात. माझी मोटार तर त्याहून कितीतरी मोठी. म्हणून मी ती टेम्पोत घालून मानवतकडं नेली. तिथं ओळखीच्या एका माणसाची कापसाची जिनिंग आहे. हंगाम संपला की आवार रिकामं पडतं. भक्कम काँक्रीट, चारी बाजूंनी भिंत, मालकाची परवानगी. यापेक्षा चांगलं मैदान कुठलं?

चालवायला कशी आहे? पहिल्यांदा बसणाऱ्याचा डावा हात क्लच शोधतो आणि डावा पाय गिअर. दोन्ही नाहीत म्हटल्यावर माणूस क्षणभर गोंधळतो. मूठ जराशी पिळली की गाडी जागेवरूनच जोर धरते. पेट्रोलच्या गाडीला इंजिन वर चढवावं लागतं, इथं शून्यावरच पूर्ण ताकद हजर. म्हणून नवख्याला मी कंट्रोलरमधून करंट कमी करूनच देतो. वळणावर मात्र जाणवतं की मागचं चाक जड आहे. खड्ड्यात ते आदळतं. ज्यांना हब मोटार म्हणजे स्वर्ग वाटतो त्यांनी आमच्या जिंतूर रोडवर एकदा जाऊन यावं.

बॅटरीच्या गाड्यांसाठी आमचा एक क्लब आहे. त्याचं असं झालं की सुरुवातीला आम्ही चौघं-पाचजण होतो. निवृत्त गुरुजी, एक आयटीआय झालेला पोरगा, चाचा, मी. एकानं पत्रकं छापली, 'प्रदूषण टाळा, पर्यावरण वाचवा'. बाजारात वाटली. लोकांनी त्यात भजी खाल्ली. दुसऱ्यानं झेंडे लावून रॅली काढू म्हटलं, तेव्हा मीच अडवलं. चालत्या गाड्या लोकांनी शोरूममध्ये पाहिल्या आहेत. त्यांच्या घरात बंद पडलेली आहे, तिचं काय, हा त्यांचा प्रश्न. मिरवणुकीत त्याचं उत्तर कसं मिळणार?

मग आम्ही माझी मोटारसायकल उघडीच ठेवायचं ठरवलं. टाकीच्या जागी पॅक, त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक, बाजूला मीटर. जिनिंगच्या आवारात ताडपत्री अंथरली आणि एक जुनी हब मोटार, एक फोडलेला कंट्रोलर, एक सुटा सेल मांडून ठेवला. शेतकऱ्यांना मी एकच हिशेब सांगायचो. पाच एचपीची मोटार तासभर चालवायला जेवढी वीज लागते, त्याहून जास्त ही पूर्ण भरायला लागत नाही. आपल्या नेहमीच्या वेगानं किलोमीटरमागे तीस-पस्तीस वॉट-अवर जातात. म्हणजे एकदा भरली की परभणीहून गंगाखेडला जाऊन परत यावं एवढं अंतर. वेग वाढवला की वारा जास्त खातो, मग हे अंतर कमी होतं. कार्बनचं बोललो तेव्हा माना हलल्या होत्या. एचपीचं बोललो तेव्हा माणसं पुढं सरकून उकिडवी बसली.

सगळ्यात पहिला प्रश्न ठरलेला. "पेटती का हो?" २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ फिरले होते, आणि हा तर कापसाचा मुलूख. आगीचं नाव काढलं की इथं माणूस मागं सरकतो, आणि ते बरोबरच आहे. मी पेटत नाही असं कधीच सांगत नाही. लोह-फॉस्फेटचे सेल दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलपेक्षा जास्त उष्णता सोसतात, भडकायला उशीर लावतात, एवढंच सांगतो. त्या आगींनंतर सरकारनं बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून जुना, बिननावाचा पॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. आणि आपला मे महिना लक्षात घ्या. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, नुकत्याच पळवून आणलेल्या गाडीला चार्जर लावायचा नाही. गाडी थंड होऊ द्या, पहाटे लावा. कापूस, कडबा यांच्याजवळ तर कधीच नाही. जिनिंग सुरू झाली की आमचा क्लबही त्या आवारातून बाहेर पडतो, त्याचं कारण हेच.

खरी गर्दी झाली ती 'बंद गाडी घेऊन या' असा निरोप फिरल्यावर. सेलू, पाथरी, पूर्णा, कुठून कुठून गाड्या छोट्या हत्तीत घालून आल्या. एक अंगणवाडीच्या ताई आल्या. म्हणाल्या, "दादा, हप्ते अजून चालूच हायेत अन् गाडी कोंबड्या बसायला झालीय." मी उघडली. आत लेड-ॲसिडच्या पाच बॅटऱ्या मालिकेत. लोड टाकून एकेक तपासली, तर एकच मेलेली, बाकीच्या तिच्यापायी बदनाम. पावसाळाभर गाडी रिकामीच उभी होती. लेड-ॲसिड रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि कमजोर बॅटरी आधी जाते. तिच्या जोडीची, तेवढ्याच वयाची दुसऱ्या बंद गाडीतून निघाली. नवी आणि जुनी एकत्र लावणं बरं नसतं. ताई गाडीवर बसून घरी गेल्या. पत्रकांनी जमलं नव्हतं ते यातून झालं. पुढच्या वेळी त्यांच्याच गल्लीतून तीन गाड्या आल्या.

सगळ्याच उठल्या असं नाही. पाणी गेलेले कंट्रोलर, सुजलेले पॅक असायचे. सुजलेल्याला आम्ही हात लावत नाही, बाजूला मोकळ्यावर ठेवायला सांगतो.

पोरांची मागणी वेगळी. "मामा, लिमिट वायर काढा नं." पंचवीसच्या गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये वेग अडवणारी एक वायर असते, ती सोडवली की गाडी चाळीसच्या पुढं जाते. काम मिनिटभराचं. आम्ही ते करत नाही. ती वायर सुटली की गाडी कायद्यानं मोटार वाहन होते, तेही बिना नंबरचं, बिना विम्याचं. ब्रेक मात्र पंचवीसचेच राहतात. काही पोरं रागावून गेली, दुसरीकडून काढून घेतली असेल. असो.

रस्त्यावर चालेल अशी मोटारसायकल हवी असेल तर सरळ मार्ग आहे, आणि गुरुजी तो चालून आले. त्यांच्याकडं कागदपत्रं शाबूत असलेली जुनी एमएच-२२ ची गाडी होती. त्या मॉडेलसाठी चाचणी संस्थेनं मान्य केलेलं किट घ्यायचं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यायची, विमा कंपनीला कळवायचं, अधिकृत माणसाकडून बसवून घ्यायचं, मग तपासणी होऊन आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलऐवजी इलेक्ट्रिक येतं. एजंट म्हणाला, असं काही होतच नाही. खिडकीवरच्या बाबूनं किटचं प्रमाणपत्र मागितलं, पाहिलं आणि साहेबांकडं पाठवलं. फेऱ्या झाल्या, पण काम झालं. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे घेऊन गुरुजी आता रोज पेपर आणायला जातात, तेही मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. माझ्या घरी बनवलेल्या गाडीला हा मार्ग नाही. ती टेम्पोतूनच येते-जाते आणि ताडपत्रीजवळ उघडी उभी राहते. तिचं काम तेवढंच आहे.

गाडी चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लोह-फॉस्फेटचा व्होल्टेज बराच काळ जागेवरच राहतो. ऐंशी टक्के भरलेली आणि तीस टक्के भरलेली, दोन्ही व्होल्टमीटरवर जवळपास सारखीच दिसतात, मग अचानक घसरण होते. आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंटवाला मीटर लावून घ्या.

जिनिंग चालू असते त्या दिवसांत आम्ही माझ्या दुकानापुढं बसतो, सुट्टीच्या दिवशी. क्लबला फी नाही, नाव नाही, पावती नाही. सामान लागलं तर त्याचे पैसे. गाडी आणताना चार्जर सोबत आणा. अर्ध्या गाड्या चार्जरपायीच बंद असतात, आणि तो घरी राहिला म्हणून लोकांना पूर्ण्याहून दुसरी खेप पडते.