डिझेलवर नाव रंगवता येत नाही

मदत करायची म्हटलं की माणसं आधी फी विचारतात. ‘पोरगा एमबीबीएसला लागलाय ना, वर्षाची फी किती ते सांगा, चेक पाठवतो.’ चेकवर कॉलेजचं नाव, पावतीवर आपलं नाव, करसवलतीचं 80जीचं सर्टिफिकेट, काम झालं. यात वाईट काही नाही. पण सरकारी कॉलेजात शिकणाऱ्या गरिबाच्या पोराचं घोडं फीपाशी क्वचित अडतं. ते अडतं मेसपाशी.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण वडिलांच्या नावाने आम्ही भावंडांनी एक ट्रस्ट केला आहे आणि त्याचे अर्ज माझ्याकडे येतात. ट्रस्ट अगदीच छोटा. आईच्या वाट्याची जमीन विकून आलेले पैसे एफडीत ठेवलेत. मुदलाला हात लावायचा नाही, वर्षाचं व्याज वाटायचं. त्यातली निम्मी रक्कम मेडिकलच्या मुलांना आणि निम्मी खेड्यांतल्या आरोग्याच्या कामाला, असं आईनेच ठरवून दिलं होतं. घरात बँकेतून रिटायर झालेली मी एकटीच, त्यामुळे हिशेब माझ्या गळ्यात. ऑडिट करून घ्यायचं, धर्मादाय कार्यालयाचं बघायचं, भावाची सही आणायची आणि वहिनीने सुचवलेल्या नात्यातल्या मुलाला गोड बोलून नाही म्हणायचं, हेही माझ्याचकडे.

अंबाजोगाईत मेडिकलच्या पोरांची नवलाई नाही. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून गावात आहे. चहाच्या टपरीवर ॲप्रन खांद्यावर टाकून उभी असलेली पोरं बघतच आम्ही म्हातारे झालो. तरी त्यांच्या खिशात काय असतं ते मला अर्ज वाचायला लागल्यावर कळलं.

फीला वाली आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मी शिक्षण फी परत मिळते, आणि 2024 पासून अशा घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. योजना चांगल्या आहेत आणि पैसेही मिळतात. पण मिळतात केव्हा? महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरा, खातं आधारला जोडा, मग कॉलेजची मंजुरी, मग वरची मंजुरी, आणि पडद्यावर महिनोन्‌महिने ‘अंडर स्क्रुटिनी’. तोवर मेसवाला थांबत नाही. त्यालाही किराणा उधारीवरच आणायचा असतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही कर्जबाजारीपणाची अडचण नाही, हातातल्या रोकडीची आहे. बरीच पोरं ती सावकाराकडून किंवा मोबाइलवरच्या लोन ॲपवरून भागवतात. ॲपचं व्याज काय असतं ते मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा एका मुलाने फोनच पालथा ठेवला.

मागच्या खेपेला धारूर तालुक्यातली एक मुलगी आली होती. आई-वडील ऊसतोडीला कर्नाटकात. दोघं मिळून एक कोयता (तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), उचल म्हणजे आगाऊ मजुरी दसऱ्याआधीच घेऊन झालेली आणि त्यातली बरीचशी थोरल्या बहिणीच्या लग्नात खर्च झालेली. मी तिला महिन्याचा खर्च विचारला, तर तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली. मेसचे 3,200. झेरॉक्स. जर्नल. डिसेक्शन बॉक्स, एकदाच. ॲप्रन दोन, कारण एकावर फॉर्मॅलिनचा वास बसला की वर्गाबाहेर घालवत नाही. एसटीचं भाडं, बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे निम्मं. हाडांचा अर्धा संच सीनियरकडून, तोही मैत्रिणीबरोबर भागीत.

‘म्हणजे कसं गं?’

‘मांडीचं हाड एक आठवडा तिच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे, मॅडम.’

परीक्षेच्या आठवड्यात हाड कुणाकडे असतं हे विचारायचं मी टाळलं. वहीत रविवारच्या रात्रीसमोर रेघ मारलेली होती. रविवारी रात्री इथल्या बहुतेक मेस बंद असतात. खोलीवरच्या पोरांना तेवढंच निमित्त, वडापाव नाहीतर चायनीजची गाडी.

‘मग रविवारी रात्री काय खातेस?’

‘दुपारच्या दोन पोळ्या काढून ठेवते, मावशी.’

मॅडमची मावशी झाली तेव्हा मी पोहे टाकायला उठले. वही तेवढ्या वेळात उलटसुलट चाळली, सगळे आकडे जुळत होते. अशा हिशेबाला मी बँकेत असते तर डोळे झाकून कर्ज दिलं असतं.

आम्ही पैसे महिन्याच्या महिन्याला मुलांच्या खात्यात टाकतो. पहिल्या तारखेला, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन. परस्पर मेसवाल्याला द्या, म्हणजे पोरं उधळणार नाहीत, असं भावाचं म्हणणं होतं. पण मेसवाल्याला दिले की कुणाचं बिल बाहेरून येतं हे पंगतीतल्या प्रत्येकाला कळतं. आणि समजा एखाद्या महिन्यात पोराने शंभर रुपयांचा सिनेमा बघितला, तर बघू दे की. आपण नव्हतो बघत?

दुसरा वाद जास्त गंभीर होता. भाऊ म्हणाला, फुकटाची किंमत राहत नाही, कर्ज म्हणून द्यावं. कमवायला लागले की परत करतील आणि तोच पैसा पुढच्या पोराला जाईल. या मताला मोठा आधार आहे. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला तो असाच, परतफेडीच्या कर्जावर चालणारा. त्या पैशावर शिकायला गेलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत एक बाई होती, डॉ. फ्रेनी कामा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तो निधी चालू आहे. बँकवाली म्हणून मला तो आवडतो. आलेला हप्ता पुन्हा कर्जाऊ जातो, मुद्दल झिजत नाही आणि घेणाऱ्याची मान ताठ राहते.

तरी मी नाही म्हटलं. परदेशी जाणाऱ्याचं कर्ज वेगळं. जिच्या आई-बापाचं अख्खं वर्ष उचल फेडण्यात जातं, तिच्यासमोर मी आणखी एक उचल ठेवू? वर ती उचल देणाऱ्या मुकादमासारखी वसुलीची वही घेऊन बसू? भाऊ गप्प बसला. पटलं म्हणून की कंटाळून, ते त्यालाच माहीत.

‘निदान गावात परत येईन असं तरी लिहून घ्या,’ असं सुचवणारेही भेटतात. ते सरकार आधीच लिहून घेतं. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, नाहीतर 10 लाख भरावे लागतात. अशा बाँडवर आरोग्य केंद्रात आलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना दोष देत नाही. क्वार्टर गळतं, लाइट जाते, औषध नसलं की लोक त्यांनाच बोलतात, आणि टेबलावर पीजीच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं उघडी असतात. वर्ष संपलं की बॅग भरून तयार.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत याच्या उलट चाल आहे. तिथे शिक्षण संपल्यावरची अट नंतर येते, गाव आधी येतं. पहिल्याच वर्षी अख्ख्या बॅचला एक गाव दत्तक दिलं जातं. मुलं तिथे शिबिरात राहतात, प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून दिलेली असतात आणि पुढे ती त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातात. वीस वर्षांच्या पोराला एखादी म्हातारी ओळखीची होते आणि गोळ्या का घेत नाहीस म्हणून तो तिच्यावर रागावतो. माझा भरवसा बाँडपेक्षा या रागावर जास्त आहे.

आता आईने सांगितलेली दुसरी निम्मी बाजू, खेड्यांतल्या आरोग्याची. इथे दात्यांची खोड आणखी स्पष्ट दिसते. आमच्याच जिल्ह्यात एका संस्थेला बाहेरच्या एका दात्याने फिरत्या दवाखान्याची गाडी दिली. नारळ फुटला, हार घातला, दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत नाव रंगवलं. मी गेले तेव्हा गाडी लिंबाखाली उभी होती, चाकांतली हवा गेलेली, आत कोंबड्या. संस्थेतले एक जण म्हणाले, ‘ताई, गाडी मागितली की मिळते. ड्रायव्हरचा पगार मागितला की माणसं फोन उचलत नाहीत.’ खरंच आहे. गाडीवर नाव रंगवता येतं, डिझेलवर कसं रंगवणार?

आणि आरोग्याचं काम तर जवळजवळ सगळं डिझेलच आहे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याने गडचिरोलीत जे करून दाखवलं त्यात दाखवायला मोठी इमारत नव्हती, मोठं मशीन नव्हतं. 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुदोष दिसला तर अँटिबायोटिक द्यायचं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. तीन वर्षांत तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले आणि 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या कामामागे फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनच्या देणग्या होत्या. त्या पैशाचं दृश्य रूप काय? खेड्यातल्या बाईचं प्रशिक्षण, तिचं मानधन, तिच्यावर देखरेख करणाऱ्याचा प्रवास, वह्या. फीत कापण्यासारखं त्यात काहीच नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर देणगीदार गावातच शोधला. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत सुगीला ज्वारी गोळा व्हायची. ज्याला शेत जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची कमी. त्यातून गावच्या आरोग्य कार्यकर्त्याचा आणि औषधांचा खर्च निघायचा आणि रुग्णालयात भरती झालं तर बिलात सवलत मिळायची. ज्वारी दिलेला माणूस हक्काने भांडतो, की अमुक गोळी का नाही. वाटून मिळालेल्या मदतीशी कुणी असं भांडत नाही.

घरी जाऊन बाळ तपासायची ही गडचिरोलीची रीत पुढे देशभरच्या आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा भेटी: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की 250 रुपये. वाड्या-तांड्यांवर राहणाऱ्या बाळंतिणीकडे सहा वेळा जायचं तर रिक्षाचे पैसे किती होतात, हे मी कुणाला सांगायला नको. आमच्या ओळखीच्या एका आशाताईच्या पिशवीतला थर्मामीटर बंद पडला होता. नवा वरून येईपर्यंत ती बाळाच्या पोटावर उलटा हात ठेवून ताप सांगायची. अनुभवी बाई, बहुतेकदा बरोबर सांगत असेल. पण रजिस्टरमध्ये हात लिहिता येत नाही.

म्हणून आमच्या निम्म्या व्याजातून आम्ही थर्मामीटर, त्यांचे सेल, बाळ तोलायच्या झोळीच्या काट्याची दुरुस्ती आणि तांड्यावर जायचं रिक्षाभाडं एवढंच देतो. पावत्या चुरगळलेल्या येतात, काही तर बिडीच्या पुड्याच्या मागे लिहिलेल्या. ऑडिटर कुरकुरतो. मी त्या कोऱ्या कागदावर चिकटवून, खाली आशाताईची सही घेऊन फाइलला लावते. रक्कम वीस-तीस रुपयांची असली तरी.

एफडीचे दर खाली आले की आमचंही वाटप आखडतं. मग मेसचं बिल की काटा, असा प्रश्न दरवर्षी पडतो आणि दरवर्षी आम्ही भांडतो. यंदा भावाने एक दाता गाठला आहे. पैसेवाला माणूस, मनाने चांगला, आणि त्याला तालुक्यासाठी रुग्णवाहिका द्यायची आहे. ड्रायव्हरचा पाच वर्षांचा पगार आणि डिझेलचे पैसे आधी एफडीत टाकणार असाल तर बसून बोलू, असा निरोप मी पाठवला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.