समुद्राला सातबारा नसतो

मी नागपुरात धरमपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात नकाशे बनवते. समुद्र आमच्यापासून किती लांब ते सांगायला नको. पण 2024 च्या जूनमध्ये केंद्राने ऑफशोअर विंडसाठी, म्हणजे समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी, 7453 कोटींची योजना मंजूर केली ना, गुजरात आणि तामिळनाडू मिळून 1000 मेगावॅट, त्यानंतर असली कामं आमच्यापर्यंतही झिरपायला लागली. मला आलेला तुकडा गुजरातच्या किनाऱ्यावरच्या पिपावाव-जाफराबादसमोरचा होता.

जून लागला होता तरी कुलर फुल्ल. मी बोटींचा एआयएस डेटा टाकला, म्हणजे बोटीवरचं यंत्र ती कुठे आहे ते आपोआप कळवत राहतं त्याची नोंद, मोठ्या जहाजांच्या रेघा एका बाजूनं गेल्या आणि मधला पट्टा एकदम साफ. पाणी उथळ, वारा चांगला, वर्दळ नाही, म्हणून मी तो हिरवा, म्हणजे पवनचक्क्यांना चालेल असा, करून लेअरला नाव दिलं "रिकामा" आणि खरं सांगू, काम लवकर आटोपलं म्हणून खुश होऊन चहा सांगितला.

शेजारच्या टेबलावरचा आमचा ड्राफ्ट्समन पवनीकडचा, ढिवराच्या, म्हणजे नदीत मासे धरणाऱ्यांच्या घरचा. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "म्याडम, इथं कोणीच मासे नाही धरत का? मंग जाफराबादचे सुके बोंबील काय आभायातून पडते?"

मी चिडलेच थोडी. पण मग आठवलं की एआयएस लहान बोटींवर बहुतेक नसतंच! म्हणजे माझ्या नकाशात दिसत नव्हतं ते नव्हतंच असं मी धरून चालले होते. शाळकरी चूक.

सर्व्हेच्या यादीतून तिकडच्या एका तांडेलचा, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याचा, नंबर काढला. पावसाळ्यातली मासेमारीबंदी चालू होती, त्यामुळे माणूस घरीच सापडला. माझी हिंदी नागपुरी, त्याची गुजराती वळणाची, तरी अर्धा तास बोललो. ते लोक डोल लावतात, म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं एका जागी रोवून ठेवायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं बोंबील आत येतो. मी म्हटलं, टर्बाइनभोवती 500 मीटरपर्यंत सेफ्टी झोन ठेवता येतो, तेवढं सोडून लावाल ना? तो हसला. बोट वळवता येते मॅडम, डोल कशी वळवणार, ओढ जिथे तिथेच ती लागते, बाजूची जागा दुसऱ्याची आहे. आणि बोंबील वाळवणाऱ्या बायांना कोण विचारणार, त्यांच्या नावावर तर बोटही नाही.

नंतर त्याने जीपीएसच्या स्क्रीनचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, कडेला अंगठा आलेला. पाच पॉइंट होते, तीन माझ्या हिरव्यात पडले.

ड्राफ्ट्समनला दाखवलं तर तो काही जिंकल्यासारखा बोलला नाही. "गोसेखुर्द धरणाच्या वेळी जमीनवाल्याईले पैसे भेटले. आमचा बाप नदीत जाळं टाके, त्याच्याजवळ कुठला सातबारा?" एवढं बोलून तो जेवायला गेला.

साहेब म्हणाले तीन पॉइंटवर रिपोर्ट बदलत नाही. बरोबरच आहे, एका माणसाच्या फोनवर नकाशा कसा होईल. पण हिरवा रंग मी काढला, तिथे आडव्या रेघा मारल्या आणि लेअरचं नाव बदललं, "विचारायचं बाकी". तांडेलने आणखी चार जणांचे नंबर दिलेत, उद्यापासून फोन. बंदी उठायच्या आत उरकायला पाहिजे.