पहाटे साडेतीनची जाग

सुरुवातीचे दोन महिने मी माझ्या नैराश्याला थकवाच म्हणत होतो. रोज पहाटे साडेतीनच्या सुमारास जाग येई, पुन्हा डोळा लागत नसे आणि उजाडेपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत राही. संध्याकाळी मात्र जरा हलके वाटे, त्यामुळे आपण आजारी नसून आळशी झालो आहोत, हा माझा समज अधिकच पक्का होत गेला. एका सकाळी ब्रशवर टूथपेस्ट घेऊन मी बेसिनपाशी उभा राहिलो आणि पुढे काय करायचे तेच सुचेना. ताई दारात आली तेव्हा पेस्ट ओघळून खाली पडली होती. ती काही बोलली नाही, पण त्याच दिवशी तिने मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

तिथे नऊ प्रश्नांचा एक कागद भरायचा होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, एकाग्रता, कशातही रस न वाटणे हे किती दिवस जाणवले, यासाठी प्रत्येकी ० ते ३ गुण होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा होता. तिथे मी आधी शून्य लिहिले, मग ते खोडून एक केला. डॉक्टरांनी ती खाडाखोड पाहिली आणि आडपडदा न ठेवता त्याविषयीच विचारले. त्या मोकळेपणाने मला घाबरायला झाले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. एकूण गुण २७ पैकी १७ होते.

मला एकच कारण हवे होते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या तपासण्या सांगितल्या तेव्हा थायरॉइड तरी बिघडलेले निघावे, असे मी मनोमन म्हणत होतो, कारण तो आजार चारचौघांत सांगता येतो. अहवाल स्वच्छ आला आणि मी खट्टू झालो. मग घरातल्यांविषयी विचारणा झाली, तेव्हा आजोबा एक वर्षभर कोणाशी बोलत नव्हते हे आठवले. आमच्या घरात त्याला विरक्ती म्हणत. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांत नैराश्यामागे आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के आढळतो, बाकीचे आयुष्यात काय घडते त्यावर ठरते, असे डॉक्टर म्हणाले. मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी पडले का, या माझ्या प्रश्नावर ते हसले. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप आला, असे आपण म्हणतो का, एवढेच त्यांनी विचारले.

गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस नुसती मळमळ होती, फायदा काहीच नव्हता. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात हे आधीच सांगितले नसते, तर मी ती तेव्हाच सोडली असती. सोबत समुपदेशन होते. बरे वाटल्यावर फिरायला जाईन, असे मी म्हणे. बाई म्हणत, आधी जा, बरे वाटते का ते मग बघू. रोज दहा मिनिटे चालायचे आणि निघण्यापूर्वी व आल्यावर मनाला दहापैकी गुण द्यायचे, असा गृहपाठ होता. मला तो पोरखेळ वाटे. पहिल्या आठवड्यात वहीत दोनाचे दोनच राहिले, तिसऱ्या आठवड्यात एकदा दोनाचे चार झाले आणि त्या चाराकडे मी बराच वेळ पाहत बसलो.

चौथ्या महिन्यात, आता बरा झालो असे ठरवून, मी परस्पर गोळ्या बंद केल्या. दोनच दिवसांत चक्कर येऊ लागली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले. हे व्यसन नव्हे, पण औषध एकदम तोडले की शरीर कुरकुरते, असे डॉक्टरांनी समजावले. पूर्ण बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवायची आणि मग त्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करायची, असे ठरले.

ती बंद होऊन आता वर्ष झाले आहे. ताई फोनवर अजूनही तब्येत विचारत नाही. किती वाजता जाग आली, एवढेच विचारते, आणि मी खरी वेळ सांगतो.