छापखान्यातला दीडशे ओळींचा चॅट

शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मी हिशेब बघतो. 'कॉम्प्युटरचं काहीही झालं तर' हे दुसरं खातंही माझ्याकडेच. तळमजल्यावर ऑफसेट मशीन आणि काउंटर, वर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या ताई, मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये कटिंग-बाइंडिंग. लग्नसराईत दिवसभर काउंटरवरचे मामा जिन्यात तोंड घालून ओरडणार, "ताई, पत्रिकेत चि. सौ. कां. मधलं 'कां.' ऱ्हायलंय बघा!" मशीन चालू असलं की वर फक्त "...लंय बघा" पोचायचं. मग ताई खाली, नाहीतर मामा वर.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच. पण एकदा बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ मामांच्या गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेलं आणि तिथून दोघांनी अभिनंदनही कळवलं. मालक म्हणाले, "हितलं हितंच ऱ्हायला पायजे. काय तरी कर."

मला आधी आठवलं ते 'नेट सेंड'. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज एक्सपी होतं तेव्हा काळ्या खिडकीत ही कमांड मारली की शेजारच्याच्या स्क्रीनवर आपल्या मेसेजचा चौकोन उघडायचा. आम्ही तिचा उपयोग कशासाठी केला ते इथं सांगत नाही. पण एक्सपीच्या २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून ती सेवा मुळातच बंद ठेवलेली असायची आणि पुढच्या विंडोज व्हिस्टात तर ती काढूनच टाकली. तिच्या जागी 'एमएसजी' नावाची कमांड आहे, ती विंडोजच्या होम आवृत्तीत येत नाही. आमचे चारही कॉम्प्युटर होमवाले.

आयपी मेसेंजरसारखा तयार, फुकट प्रोग्रॅम टाकला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं, हे कबूल करतो. पण मला बटणं मराठीत हवी होती, आणि पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकून सहा महिने झाले होते. हात शिवशिवत होते, म्हणून चॅटचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला.

आराखडा सोपा होता. काउंटरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर, तो ५०५० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कान देऊन बसणार. बाकीचे त्याला जोडले जाणार, एकानं टाकलेलं तो सगळ्यांना वाटणार. रविवारी घरी एकाच लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून बघितलं, मस्त चाललं. सोमवारी छापखान्यात काहीच चाललं नाही.

पहिली अडचण फायरवॉलची, म्हणजे विंडोजच्या राखणदाराची. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की विंडोज विचारतं, याला नेटवर्कवर परवानगी द्यायची का. मामांनी "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून कॅन्सल दाबलं होतं. कॅन्सल म्हणजे 'नंतर बघू' असं मला वाटायचं. तसं नसतं, विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी बंदीचा नियमच लिहून ठेवतं आणि परत विचारत नाही. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो नियम काढला, नेटवर्क 'पब्लिक' होतं ते 'प्रायव्हेट' केलं, आणि वरच्या ताईंचा पहिला मेसेज खाली उतरला: "चहा सांगा".

दोन दिवस बरे गेले. मग लाईट जाऊन आली आणि राउटरनं काउंटरच्या कॉम्प्युटरला नवाच पत्ता दिला. बाकीचे जुन्या पत्त्यावर हाका मारत बसले. राउटरमध्ये तो पत्ता त्या कॉम्प्युटरच्या नावावर पक्का करून टाकला. शेडमधला कॉम्प्युटर मात्र तरीही दिसेना. तिथं कुणीतरी पूर्वी दुसरा वायफाय राउटर लावून ठेवलेला, त्यानं आपलं वेगळंच घर, म्हणजे वेगळं नेटवर्क मांडलेलं. त्याची वायर वॅनच्या (बाहेरून नेट घ्यायच्या) भोकातून काढून लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) भोकात घातली, पत्ते वाटायचं त्याचं काम बंद केलं. ही अक्कल यायला एक दुपार गेली.

खरी मजा पुढं आहे. एके दिवशी मालक वरून धावत खाली आले. "पन्नास हजार वीस पाकिटं कुणी सांगितली?" त्यांच्या स्क्रीनवर ओळ होती: "पाकिटं ५००२० मिनिटांत नेतो". मामांनी दोन मेसेज टाकले होते. "पाकिटं ५००" आणि लगेच "२० मिनिटांत नेतो". टीसीपीत, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात तिच्यात, मेसेज असं काही नसतंच, नुसती बाइटांची धार असते. पाठवणाऱ्यानं दोनदा ओतलं तरी घेणाऱ्याच्या भांड्यात ते एकत्र पडू शकतं, आणि कुठं काय संपलं हे माझ्या प्रोग्रॅमला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईंची खिडकी मुकी झाली. उघडी दिसायची, ताईंचं लिहिलेलं जायचं, पण येत काही नव्हतं. कधी होतं हे शोधायला मी दोन संध्याकाळी तिथंच बसलो. शेवटी लक्षात आलं की कुणी अख्ख्या पत्रिकेचा मजकूर टाकला की होतं. आडव्या-उभ्या रेघोट्यांनी वही भरल्यावर हिशेब सुटला. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचा एकेक घटक तीन बाइटांचा. 'श्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण त्यात श, हलन्त, र आणि वेलांटी असे चार घटक, म्हणजे १२ बाइट. मी एका वेळी १०२४ बाइट वाचत होतो, आणि १०२४ ला तीनानं भागलं की एक उरतो. लांब मजकूर आला की घाव बऱ्याचदा कुठल्या तरी अक्षराच्या मध्ये बसायचा. अर्ध्या अक्षराचं काय करायचं हे पायथॉनला कळायचं नाही, तो चूक देऊन ऐकणारा धागाच, म्हणजे प्रोग्रॅममधलं मेसेज घ्यायचं काम, सोडून द्यायचा. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये हे कधी घडतच नाही. आपल्या 'श्री'नं पहिल्या झटक्यात उघडं पाडलं.

दोन्ही दुखण्यांवर औषध एकच निघालं. प्रत्येक मेसेजच्या शेवटी नव्या ओळीची खूण घालायची, आणि ती खूण येईपर्यंत बाइट नुसते साठवायचे. खूण दिसली की मगच त्यांची अक्षरं करायची. युटीएफ-८ मध्ये त्या खुणेचा बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात कधीच येत नाही, त्यामुळं घोळ होत नाही. पत्रिकेतल्या स्वतःच्या ओळी तुटू नयेत म्हणून मजकूर आधी जेसनमध्ये, म्हणजे नवी ओळही साध्या चिन्हांत लिहिणाऱ्या मांडणीत, गुंडाळतो. सगळं मिळून दीडशे ओळी झाल्या.

जुन्या फाँटमधला मजकूर कॉपी करून टाकला तर अजून इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. ते फाँट युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीचे नाहीत, त्यावर माझा इलाज नाही. पासवर्ड नाही, मजकूर तारेतून उघडाच जातो, म्हणून हे आमच्या चार भिंतींच्या बाहेर काढायचं नाही असं मालकांना सांगून ठेवलंय.

मध्यंतरी कुणी रस्ता उकरताना फायबर तोडली आणि दिवसभर नेट बंद. मामांनी सवयीनं मेसेज टाकला, वरून उत्तर आलं, मग ते थबकले. "नेट न्हाई, मग ह्यो कुठनं गेला रं?" मी काउंटरखालचा स्विच दाखवला. वरून येणारी निळी वायर, खाली जाणारी निळी वायर. मामांनी वाकून बघितलं. एक दिवा लुकलुकत होता. "एवढंच व्हय?" म्हणाले, आणि खात्री करायला परत एकदा 'चहा सांगा' टाकून दिव्याकडं बघत बसले.