तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन घरात सगळं जुनंच का?

चपला काढता काढताच लोक विचारतात. "अगं, घर नवीन आणि सामान सगळं जुनं?" मावशीनं विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं. सिलिंडर पोचवायला आलेल्या दादांनी जाता जाता कपाटावर टकटक केलं आणि म्हणाले, "सागवानी ना? कितीला पडलं?" त्यांचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण त्याला उत्तर आहे. बाकीच्यांचं तसं नाही. ‘परवडत नव्हतं का’ असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण नजर आधी फ्रिजकडे जाते, मग पंख्याकडे. काहीजणी आई आत गेली की आवाज खाली आणतात, "कुणाचं असेल काय माहीत, त्या पलंगावर कुणी गेलं-बिलं असलं तर?" आणि भाचीच्या मैत्रिणी काही विचारतच नाहीत, त्या फोटो काढतात.

अडीच वर्षं मी ज्याला जे पटेल ते सांगत आले. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी चहा गरम असताना पिता येईल.

गिरगावातली आमची जुनी खोली का सुटली, बिल्डरकडून येणारे भाड्याचे चेक कसे थांबले, ते तुम्हाला पाठ आहे. डोंबिवलीतलं हे घर 340 चौरस फुटांचं आहे, आणि त्यात मी आणि आई राहतो. इथून पुढे.

परवडण्याचं आधी. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून आणलेलं दोन दारांचं कपाट सात हजारांना पडलं. तिथून, म्हणजे जोगेश्वरीहून, डोंबिवलीपर्यंत छोटा हत्ती टेम्पो केला, त्याचे बावीसशे. जिन्यानं वर चढवायला दोन माणसं, सहाशे. स्पिरिट, चपडी लाख, पॉलिश पेपर, नवीन बिजागऱ्या मिळून अकराशे. झाले दहा हजार नऊशे, आणि माझे सहा रविवार वेगळेच. स्टेशनजवळच्या दुकानात भुशाच्या बोर्डाचं चकचकीत कपाट तेव्हा साडेनऊ हजारांना होतं, घरपोच. तेव्हा स्वस्तात पडतं म्हणून घेते, हे मी सुरुवातीला सगळ्यांना सांगायचे ते खोटं होतं. खुर्च्यांच्या बाबतीत तेवढं खरं. इराण्याकडे असतात तशा वाकवलेल्या लाकडाच्या दोन खुर्च्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर साडेपाच हजारांना जोडी मिळाल्या. मायकेल थोनेट या फर्निचरवाल्यानं 1859 मध्ये ही खुर्ची काढली ती सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर. सुटी केली की एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावायच्या. मी दुकानदाराकडूनच स्क्रू काढून घेतले, दोन्ही खुर्च्या गोणीत भरल्या आणि रविवारच्या रिकाम्या लोकलनं आणल्या. वाहतुकीचा खर्च शून्य. ही गोष्ट सांगायला मला आवडतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता मेलेल्या माणसांचं. गिरगावातल्या आमच्या खोलीत माझ्या पणजीपासून बाबांपर्यंत पाच माणसं गेली, त्यातली तीन एकाच कोपऱ्यात. त्याच कोपऱ्यात मी दहावीचा अभ्यास केला आणि ताईला बघायला आलेली मंडळी तिथेच पोहे खाऊन गेली. तेव्हा कुणाला शहारे आले नाहीत. आपल्या माणसाचं मरण चालतं आणि परक्याच्या पलंगाला मात्र विटाळ, असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. बघायचंच असेल तर भुंगा बघा. लाकडाखाली पांढरा कागद पसरायचा, वरून ठोकायचं आणि ताजं पीठ पडलं तर तिथूनच मागे फिरायचं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बाहेरचा फिकट भाग मात्र ती खाते. पलंगाची भुतं मला अजून दिसलेली नाहीत, भुंग्यानं मात्र एक स्टूल दोन महिन्यांत पोकळ केलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल की बाईला छंद आहे. मीही तसंच सांगत आले. छंद आहे, जुन्या वस्तूंची ओढ आहे, भंगारात जाणारं वाचवते वगैरे. पण जुन्या वस्तूंची ओढ असलेल्या बाईनं आमच्या टेबलाचं जे केलं ते केलं नसतं.

टेबल म्हणजे बाबांचं कापड बेतायचं कटिंग टेबल. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, सागवानी. जिन्याखालचं शिंपीकामाचं दुकान बंद केलं तेव्हा मशीन विकलं, टेबल मात्र वर खोलीत आलं. त्यावर आम्ही जेवलो, इस्त्री केली, आणि भाऊ बारावीपर्यंत त्याच्या खाली झोपला. त्याच्या पुढच्या कडेला, बोटभर आत, पाच पितळी खिळे ठोकलेले होते. पहिला शून्याचा, मग पाव वार, अर्धा, पाऊण, एक वार, म्हणजे छत्तीस इंच. त्याच्यापुढे साडेतीन इंचांवर एक लोखंडी खिळा होता, तो मीटरचा, नंतर ठोकलेला. गिऱ्हाईक मीटरनं कापड आणायला लागलं म्हणून बाबांनी तो मारला, पण त्यावर त्यांचा जीव नव्हता. मला पावकी-निमकी शाळेत नाही कळली, त्या खिळ्यांवर कळली.

सामान हलवताना टेबल लिफ्टमध्ये जाईना, जिन्याच्या वळणावरही अडलं. भाऊ म्हणाला, देऊन टाक, भंगारवाला दीड हजार देतोय. मी भांडले. टेबल खालीच, पार्किंगमध्ये ठेवलं आणि सुतार बोलावला. लांबी चार फुटांवर आणायची आणि रुंदी अडीचवर, असं ठरलं. सुतार चांगला होता. त्यानं विचारलं, "ताई, कुठली बाजू काढू?" मागच्या बाजूला कड धड होती. पुढची झिजलेली, डाग पडलेली, खिळ्यांची. मी म्हटलं, पुढची काढा. तो म्हणाला, मग खिळे उपटून ठेवा, पात्याचे दात जातील. मी स्वतः पकडीनं सहाच्या सहा खिळे उपटले. बाबांनी पक्के मारले होते, एकेकाला दोन मिनिटं लागली. कापलेली पट्टी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेली.

मला ते काय आहे हे माहीत नव्हतं, असं मी भावाला सांगितलं. मावशीला तेच, तुमच्यापैकी दोघींनाही तेच. मला माहीत होतं. हातात खिळे होते आणि मला पाऊण वार कुठला तेसुद्धा माहीत होतं. एवढंच वाटलं की आता कोण वापरतंय.

मग मी टेबल घासलं. ऐंशी नंबरच्या पेपरनं सुरुवात केली, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. शाईचे डाग गेले, इस्त्रीचा त्रिकोणी चटका गेला, बाबांच्या कात्रीच्या टोकाचे चरे गेले. खालून मधासारखं लाकूड वर आलं आणि मला, खरं सांगते, फार आनंद झाला. आई त्या पंधरा दिवसांत कल्याणला भावाकडे होती. घर लागलं की तिला आणायची आणि टेबल दाखवून चकित करायचं, असा माझा बेत. जुलै होता. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश मारू नये, हवेतली ओल शोषून ते पांढुरकं पडतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक! पांढुरकं पडलं. ते झाकायला मी वर गडद रंगाचं पॉलिश मारलं. चॉकलेटसारखं दिसायला लागलं.

आई आली. चांगलं झालंय म्हणाली. तिला काचबिंदू आहे, समोरचं धूसर दिसतं आणि कडेचं दिसतच नाही, त्यामुळे ‘चांगलं झालंय’ हे ती बोटांनीच म्हणाली असणार. दोन-तीन दिवसांनी तिनं पॉपलिनचं कापड काढलं. ती परकर शिवते, हातानं. मशीन गेल्यापासूनची सवय. गिरगावात शेजारणी द्यायच्या, इथेही दोन आठवड्यांत एक काकू देऊन गेल्या. मी आत कुकर लावत होते. बाहेरून ती काहीतरी म्हणाली, त्यातलं मला ‘वार’ एवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, "गुरुवार."

ती पुन्हा म्हणाली, "अगं, वार कुठे गेला?"

बाहेर येऊन बघते तर ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून. मग उठून दुसऱ्या बाजूला गेली, कदाचित टेबल उलटं लावलं असेल म्हणून. चारही बाजू झाल्या. डोळे गेल्यापासून, म्हणजे चारेक वर्षं, ती त्या खिळ्यांवर कापड मोजत होती, हे मला माहीत नव्हतं. हे मात्र खरंच माहीत नव्हतं. एका खोलीत राहत होतो आम्ही, मी रोज तिला त्या टेबलाशी बसलेली बघत होते.

मी खिळे दाखवले. व्हिक्सच्या बाटलीत ठेवले होते, टाकले नव्हते, हे मी तिला दोनदा सांगितलं. म्हटलं, टेप लावून आत्ता ठोकून देते, दहा मिनिटांचं काम. ती म्हणाली, "टेपनं? त्यांचा वार टेपचा नव्हता." कापड धुतल्यावर आटतं म्हणून बाबांनी खिळा थोडा पुढे मारला होता. किती पुढे, ते तिला आकड्यात सांगता येईना. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून तिनं फट दाखवली, मग मोठी केली, मग राहू दे म्हणाली. रडली वगैरे नाही. कापडाची घडी घालून ठेवली आणि विचारलं, कुकरच्या किती शिट्या झाल्या.

भाऊ म्हणतो की मी याचा बाऊ करते. टेबल भंगारात गेलं असतं तर खिळे तसेही गेलेच असते, निदान टेबल तरी राहिलं. हिशोबानं त्याचं बरोबर आहे. पण भंगारवाल्यानं नेलं असतं तर ते नेलं असतं, मी ते गुळगुळीत केलं नसतं. यात फरक आहे की नाही, यावर आमचं दर दिवाळीला वाजतं.

त्यानंतर दीड महिन्यानं मी पहिल्यांदा ओशिवऱ्याला गेले. आता तुमच्या प्रश्नाचं जमेल तेवढं उत्तर. परक्यांच्या लाकडावर पॉलिश पेपर चालवताना माझा हात अडत नाही. कुणाचा चटका, कुणाचा चरा, मला काही ठाऊक नसतं. काम चांगलं होतं, हात बसलाय आता. स्पिरिटचा बोळा फिरवून बघते, चिकट झालं तर जुनी लाख आहे. मग खरवडत नाही, स्पिरिटनंच विरघळवून उतरवते. ऑइलपेंट असेल तर कोरडं घासत नाही, कारण घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांची, मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरात, त्याआधीच्या हिरव्या-निळ्या थरांत काय आहे कोण सांगणार! पाणी लावून घासते, मास्क लावते, आईला आतल्या खोलीत बसवते. पावसाळ्यात काहीच करत नाही. हे सगळं मी टेबलानंतर शिकले.

पण हे उत्तरही मला पुरतं पटत नाही. माझे खिळे तेवढे खिळे, आणि दुसऱ्यांचे ते डाग? सात हजारांच्या त्या कपाटात, डाव्या दाराच्या आत, पेन्सिलीनं ओढलेल्या बारीक उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. दुधाचा हिशोब, औषधाचा, काय असेल ते. मी त्या घासून टाकल्या. टेबलानंतर, सगळं कळून सवरून. पेपर चालूच होता हातात, आणि दार छान दिसत होतं. म्हणून भाचीच्या मैत्रिणी फोटो काढतात त्या कपाटाचा, तेव्हा मी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जाते.

कधी वाटतं, टेबलाची फेड म्हणून मी हे बाकीचं वाचवत बसलेय. कधी वाटतं, तसलं काही नाही, घासायचं सुख एकदा मिळालं आणि ते सुटत नाही, बस. आईला विचारलं तर ती म्हणते, कपाटाचं दार करकरतं ते आधी बघ.

टेबल खिडकीशी आहे. आई आता हातानं मोजते, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन हातांचा एक वार, हे जुनं माप. एकदा ती दुपारी झोपलेली असताना मी टेप लावून बघितला, तर तिचा हात अठरा इंच नाही, साडेसोळा आहे. म्हणजे वारामागे तीन इंच कमी. शेजारच्या काकूंचे तीन परकर झाले या वर्षात. मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, आखूड होतात का हो? त्या म्हणाल्या, "होतात की. घरात घालायला चालतात."